किनाऱ्यावरून आत : मॉरिशसला जाण्याआधीचं वाचन

मॉरिशसच्या बहुतेक सहल-पत्रकांत मार्क ट्वेनच्या नावावर एक वाक्य छापलेलं असतं. आशय असा, की देवाने आधी हे बेट घडवलं आणि मग त्याच्यावरून स्वर्ग बेतला. ट्वेन १८९६ साली जगप्रवासात या बेटावर उतरला होता हे खरं, आणि त्याच्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या १८९७च्या पुस्तकात हा उल्लेख आहे हेही खरं. पण ते पान उघडून वाचलं की दिसतं, हे मत त्याचं स्वतःचं नाहीच. बेटावरचा एक रहिवासी असं सांगतो, एवढंच तो नोंदवतो. लगेच पुढे दुसऱ्या रहिवाशाचंही म्हणणं देतो : ही अतिशयोक्ती आहे, पोर्ट लुई आणि क्यूरपीप ही गावं काही स्वर्गाच्या तोडीची नाहीत. जाहिरातीने पहिला रहिवासी ठेवला आणि दुसऱ्याला गाळलं.

त्या दुसऱ्या रहिवाशाचं मॉरिशस पाहायला मिळावं म्हणून मी आणि ताईने निघण्याच्या बरंच आधी वाचायला घेतलं. मुंबईहून सहा-सात तासांचं थेट विमान, घड्याळ दीड तास मागे करायचं, आणि उतरलं की निळं-हिरवं पाणी, पांढरी वाळू. एवढं तर कोणालाही पैसे भरून मिळतं. तेही हवंच होतं, आम्ही पाण्यात मनसोक्त डुंबलो. पण बेट फक्त किनाऱ्याचं बनलेलं नसतं. मॉरिशसचं क्षेत्रफळ जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर. कोणत्याही हॉटेलातून निघा, तास-दीड तासात दुसऱ्या टोकाला पोचता. इतक्या लहान जागेत डच, फ्रेंच आणि इंग्रज अशा तीन सत्ता आल्या, आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, हिंदुस्थानातून मजूर आले, चीनमधून व्यापारी आले. मुळात इथे वस्तीच नव्हती. म्हणजे आज तिथे राहणारा प्रत्येक माणूस समुद्रावरून आलेल्या कोणाचा तरी वंशज आहे. हे ठाऊक असलं की बाजारात भाजी घेतानाही आपण माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

ताईची अट सरळ होती. "अगं, मला इतिहासाचे जाडजूड ग्रंथ देऊ नकोस. कादंबऱ्या दे. माणसं भेटली पाहिजेत." म्हणून सुरुवात 'लाल पसीना'पासून केली, आणि कोणी विचारलं तर आजही मी पहिलं नाव हेच सांगते. अभिमन्यु अनत हे मॉरिशसचे हिंदी कादंबरीकार, जन्म १९३७, त्रिओले गावचे. त्यांची ही कादंबरी १९७७ साली आली. मराठी वाचकाच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे : पुस्तक मूळ हिंदीत आहे, भाषांतराची गरज नाही. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, ही कथा. बेटावर जन्मलेल्या, त्याच मातीत वाढलेल्या माणसाने ती लिहिली आहे, आणि ते पानापानावर जाणवतं. मळ्यांवरच्या जुलमाचं वर्णन करताना तो कुठेही बाहेरून पाहत नाही.

गिरमिटाचा हिशेब थोडक्यात असा. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर तर हवेच होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. करारावर अंगठा घेऊन आणलेले. हा प्रयोग यशस्वी ठरला असं इंग्रज सरकारने मानलं, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या मार्गाने आली. नंतर हाच नमुना त्रिनिदाद, गयाना, फिजी असा जगभर पसरला. बहुतेक मजूर बिहार आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले, कलकत्त्याहून आलेले. मद्रासहूनही बरेच आले. मुंबई बंदरातून आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा मळ्यांवरचा रिवाज होता. १८६७च्या कायद्यानंतर करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. परवाना नसताना रस्त्यावर सापडला तर भटक्या म्हणून अटक. फोटो ही चैनीची वस्तू असण्याच्या काळात या मजुरांचे फोटो काढले गेले ते त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी.

हे वाचून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलो. जागा अगदी छोटी आहे, बंदराला लागून. पूर्वी याला कुली घाट म्हणत. १८४९ साली इथे मजुरांना उतरवून घेण्याचं आवार बांधलं गेलं. आज त्यातला थोडाच भाग शिल्लक आहे, कारण मधल्या काळात त्यातूनच रस्ता काढला गेला. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. आत गेल्यावर दगडी भिंतींचे अवशेष, दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्यांची जागा, आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला माणूस याच पायऱ्या चढून वर येई. काळ्या बसाल्ट दगडाच्या, बुटक्या, रुंद पायऱ्या आहेत त्या. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घाटावर असाव्यात तशा. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, ज्वालामुखीतून आलेला. कोकणातून आलेल्या माणसाला निदान पायांखालचा दगड तरी ओळखीचा वाटला असेल, असं मला राहून राहून वाटलं. खाली उभं राहिलं तर आता समोर पाणी दिसत नाही, भराव घालून समुद्र मागे हटवला आहे.

आमच्याबरोबर एक फ्रेंच कुटुंब होतं. त्यांनी पायऱ्यांचा फोटो काढला आणि दहा मिनिटांत ते पुढे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोळा पायऱ्या आणि पडक्या भिंती, यात पाहण्यासारखं फार काही नाहीच. आम्ही तिथे दुपारपर्यंत बसलो, कारण आमच्या डोक्यात कादंबरीतली माणसं होती. शेजारच्या माहिती केंद्रात मजुरांच्या जहाजांची, नोंदींची चांगली मांडणी आहे. मूळ नोंदवह्या मात्र मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, वय, अंगावरच्या खुणा. आपले पूर्वज कोणत्या गावाहून आले हे शोधणारे मॉरिशसवासी आजही या नोंदींकडे येतात.

अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' (२००८) बहुतेकांना माहीत असते आणि मॉरिशसला जाताना हीच सर्वांत आधी सुचवली जाते. थोर कादंबरी आहे यात शंका नाही. गाझीपूरची अफू, कलकत्त्याचं बंदर, 'आयबिस' जहाजाच्या पोटातले मजूर, हे सगळं घोष यांनी ज्या तपशिलाने उभं केलं आहे त्याला तोड नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी : ती संपते तेव्हा जहाज अजून समुद्रातच असतं. मॉरिशस येतच नाही. बेट भेटतं ते पुढच्या भागाच्या, 'रिव्हर ऑफ स्मोक'च्या (२०११) सुरुवातीला. नैर्ऋत्य टोकाच्या ल मॉर्न डोंगराजवळ, कादंबरीची नायिका दीती हिच्या कड्यात लपलेल्या देवस्थानापाशी. म्हणून माझा क्रम असा : आधी अनत, मग घोष. बेटावर काय झालं ते आधी कळावं, तिथवर माणसं कशी आली ते नंतर.

ल मॉर्न हा सपाट माथ्याचा, सरळसोट कड्यांचा ५५६ मीटर उंच डोंगर. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. लोक सांगतात, गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला धरायला आलेत असं समजून त्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही दंतकथा आहे, पण बेटाने ती मनाशी धरून ठेवली आहे, आणि २००८ साली हा डोंगरही जागतिक वारशात गेला. त्याच्या पायथ्याला आज बेटावरची सर्वांत महागडी हॉटेलं आहेत आणि वाऱ्यावर पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळ्यांवर उभं राहून लाटा कापणाऱ्यांची गर्दी. बऱ्याच पर्यटकांना हा डोंगर फोटोच्या मागचा पडदा म्हणूनच माहीत असतो. ताईने पायथ्याच्या स्मारकापाशी 'रिव्हर ऑफ स्मोक'ची पहिली काही पानं मला वाचून दाखवली. वारा इतका होता की पानं दोन्ही हातांनी धरावी लागली.

गिरमिटियांच्या आधीही हिंदुस्थानी माणूस या बेटावर होता, हे मला डार्विनमुळे कळलं. १८३६च्या एप्रिल-मे महिन्यांत 'बीगल' जहाज मॉरिशसला थांबलं होतं. डार्विनच्या प्रवासवर्णनातलं मॉरिशसचं प्रकरण अगदी लहान आहे, एका बैठकीत होतं. तो ल पूस डोंगर चढतो, बेटाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याच्या हत्तीवर बसतो (अख्ख्या बेटावर हा एकच हत्ती), प्रवाळाच्या रांगा पाहतो. आणि पोर्ट लुईत त्याला दिसतात हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेले कैदी, सुमारे आठशे, रस्ते बांधण्याच्या कामावर जुंपलेले. त्यांच्या रूपाचं आणि वागणुकीचं तो मोकळेपणाने कौतुक करतो. अंदमानाच्या कितीतरी आधी इंग्रजांचं काळं पाणी इथेही होतं, बंगालमधून आणि मुंबई इलाख्यातूनही कैदी इकडे येत. मॉरिशसच्या जुन्या रस्त्यांवरून गाडी जाते तेव्हा तळाशी कोणाचे हात आहेत, हे त्या लहानशा प्रकरणाने सांगितलं. ल पूस आम्हीही चढलो. ८१२ मीटर, वाट सोपी, शेवटचा टप्पा तेवढा खडा. वर गेलं की एका बाजूला पोर्ट लुईचं बंदर आणि दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत ऊस.

निसर्गाच्या बाजूने दोन पुस्तकं घेतली. डेव्हिड क्वामेनचं 'द साँग ऑफ द डोडो' (१९९६) सहाशेवर पानांचं आहे आणि ते सगळं मॉरिशसवर नाही. बेटांवर प्राणी नवे कसे घडतात आणि तिथेच ते नाहीसे का होतात, हा त्याचा विषय. वेळ नसेल तर त्यातली डोडोची आणि मॉरिशसच्या खेरी ससाण्याची पानं तरी वाचावीत. हे ससाणे १९७४ साली रानात चारच उरले असल्याचं मानलं जात होतं. कार्ल जोन्स या वेल्श तरुणाने पुढे घरट्यांतली अंडी काढून, पिल्लं हाताने वाढवून, परत रानात सोडून ही जात वाचवली. जेराल्ड डरेलचं 'गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स' (१९७७) मात्र छोटं आणि फार लोभस आहे. शाळकरी मुलांनाही द्यावं असं. गुलाबी कबुतरं आणि रॉड्रिग्ज बेटावरची सोनेरी फळवटवाघळं वाचवण्यासाठी केलेल्या खटपटीची ती हकीकत. गुलाबी कबुतरांची अवस्था त्यानंतरही बिघडत गेली आणि १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरली होती. आज ती शेकड्यांनी आहेत.

ती पाहायला माहेबूरजवळच्या इल ओ झेग्रेत या बेटावर जावं लागतं. पंचवीस-सव्वीस हेक्टरांचा प्रवाळी खडकाचा तुकडा, मोटारबोटीने काही मिनिटांवर. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन त्याची देखभाल करतं आणि वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. बोटीत चढण्याआधी बुटांना चिकटलेलं बी किंवा माती राहिली नाही ना, हे पाहायला सांगितलं. आत शिरलो तर किनाऱ्यावरचं नारळ-सुरूचं मॉरिशस संपलं आणि बुटक्या, काळ्या खोडांची आबनुसाची झाडी सुरू झाली. डच आले तेव्हा बेटाच्या किनारपट्टीचं रान असंच होतं. आबनुसाची तोड हे त्यांच्या इथल्या वस्तीमागचं एक मोठं कारण. एका वळणावर फांदीवर कबूतर बसलेलं होतं. आपल्या पारव्यापेक्षा चांगलं थोराड, छातीवर फिकट गुलाबी झाक, शेपटी तांबूस, आणि दोन्ही पायांत रंगीत कडी. कड्यांच्या रंगांवरून वाटाड्याने तोंडपाठ सांगितलं की हे कोण, कधी जन्मलं, त्याची जोडीदारीण कोण.

खाली पाचोळ्यात मोठं कासव चरत होतं. अल्दाब्राहून आणलेलं, कारण मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं केव्हाच संपली. ते काही हौसेखातर आणलेलं नाही. आबनुसाची फळं मोठे प्राणी खात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर रुजे. ते प्राणी गेले आणि नवी रोपं आईच्या सावलीतच अडकून पडू लागली. आता हे काम परदेशी कासवं करतात. वाटाड्याने वाकून पाचोळा बाजूला केला आणि वाळलेल्या लेंडीतून वर आलेलं दोन पानांचं रोप दाखवलं. ताई शेजारी उकिडवी बसून ते बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "डरेलचं पुस्तक परत देऊ नकोस. मला घरी ठेवायचंय."

डोडोबद्दल एक गोष्ट, जी मला आधी माहीत असती तर फार आवडलं असतं आणि बहुतेक प्रवाशांना कोणी सांगत नाही. डच १५९८ साली इथे आले आणि डोडो शेवटचा पाहिल्याची सर्वसाधारणपणे मानली जाणारी नोंद १६६२ची. म्हणजे एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात तो संपला. नंतर दोनशे वर्षं तो खरंच होता का, याबद्दलही शंका घेतल्या गेल्या. १८६५ साली जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना 'मार ओ साँज' नावाच्या पाणथळीत त्याची ढीगभर हाडं सापडली. ती पाणथळ आजच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला लागूनच आहे. आपलं विमान उतरतं ते डोडोच्या स्मशानाशेजारी. पोर्ट लुईच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातला सांगाडा आणखी वेगळा : तो एकाच पक्ष्याचा आहे, आणि तो शोधला एतियेन थिरियू नावाच्या न्हाव्याने. दुकान सांभाळून हा माणूस ल पूसच्या परिसरातल्या गुहा धुंडाळत असे.

'पॉल आणि व्हर्जिनी'चं नाव बेटावर सारखं कानी पडतं. बेर्नार्दाँ द सँ-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात इंजिनिअर म्हणून मॉरिशसला होता. त्याची ही छोटी कादंबरी १७८८ची. दोन निष्पाप मुलं, त्यांचं प्रेम, आणि शेवटी जहाज फुटून नायिकेचा मृत्यू. १७४४ साली ईशान्य किनाऱ्याजवळ खरोखर बुडालेल्या 'सँ-जेराँ' जहाजावरून हा शेवट घेतला आहे. एकेकाळी युरोपने या पुस्तकावर धो धो अश्रू ढाळले. मला ते आज वाचवत नाही, फार साखर आहे. शिवाय गुलामांवर उभ्या असलेल्या बेटाला या कादंबरीने निसर्गाच्या कुशीतला भोळा पाळणा करून टाकलं. याच लेखकाने त्याआधी, १७७३ साली मॉरिशसच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात गुलामांच्या हालांबद्दल उघड संताप आहे. तेच वाचावं. जहाजाबद्दलचा एक तपशील मला कादंबरीपेक्षा बोलका वाटला : 'सँ-जेराँ'च्या मालात साखर कारखान्याची यंत्रसामग्री होती.

या जोडीचा संगमरवरी पुतळा पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात आहे. पण तिथे जायचं ते १८४७च्या दोन तिकिटांसाठी. एक पेनीचं तांबूस आणि दोन पेन्सचं निळं, जगातल्या सर्वांत दुर्मीळ टपाल-तिकिटांपैकी. रंग उडू नयेत म्हणून तासातली थोडीच मिनिटं त्यांच्यावर दिवा लागतो, तेव्हा वेळ विचारून जावं. हेलन मॉर्गन यांच्या 'ब्लू मॉरिशस' (२००६) या पुस्तकात या तिकिटांच्या मालकांचा माग काढला आहे, आणि त्यात आपल्याला थबकवणारी एक हकीकत येते. या मालिकेतली दोन एक-पेनी तिकिटं लावलेलं एक पत्र १८५० साली मॉरिशसहून मुंबईला आलं, इथल्या बायबल सोसायटीच्या चिटणिसांच्या नावे. तिकीट-संग्राहकांच्या जगात ते 'बॉम्बे कव्हर' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच काळात त्याच समुद्रावरून रत्नागिरीची माणसं उलट दिशेने जात होती, आणि त्यांची पत्रं कोणी जपून ठेवली नाहीत.

आता थोडं अवघड वाचन. सुट्टीआधी असं काही वाचावं का, असा प्रश्न ताईने विचारला होता. मी म्हणेन, एक तरी वाचावंच. आनंदा देवी (जन्म १९५७) यांची 'ईव्ह आउट ऑफ हर रुइन्स' ही दीडेकशे पानांची कादंबरी मूळ फ्रेंच, २००६ची, इंग्रजीत दहा वर्षांनी आली. पोर्ट लुईच्या कडेची एक काल्पनिक बकाल वस्ती, बंद पडलेले कापड-कारखाने, आणि चार तरुणांचे आवाज. त्यांतली ईव्ह स्वतःचं शरीरच चलन म्हणून वापरते. हॉटेलांच्या कुंपणाबाहेरचं आजचं मॉरिशस इतक्या धारदार शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही. देवींना २०२४ साली न्यूस्टॅट पुरस्कार मिळाला, आपल्याकडे अजून त्या फारशा वाचल्या जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. मराठीत कोणी आणल्या तर फार बरं होईल.

दुसरी नाताशा आपानाह. तिची 'द लास्ट ब्रदर' (मूळ फ्रेंच २००७) एका अशा घटनेवर आहे जी मला पूर्णपणे अपरिचित होती. १९४० साली नाझींच्या तावडीतून निसटून पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर पोचलेल्या सुमारे १,५८० ज्यूंना इंग्रजांनी तिथे राहू दिलं नाही. त्यांना मॉरिशसला आणून बो-बासां इथल्या तुरुंगात ठेवलं, महायुद्ध संपेपर्यंत. शंभरहून अधिक माणसं तिथेच वारली. कादंबरीत राज हा नऊ वर्षांचा हिंदुस्थानी वंशाचा मुलगा आणि डेव्हिड हा अनाथ ज्यू मुलगा यांची मैत्री आहे, आणि राज ती म्हातारपणी आठवतो. तुरुंगाच्या कुंपणातून पाहणारं मूल आणि आतलं मूल, दोघांनाही आपण कोणत्या महायुद्धात अडकलो आहोत याची कल्पना नाही. सँ मार्तांच्या दफनभूमीत या लोकांच्या कबरी आहेत. व्हिएन्ना, प्राग अशी जन्मगावं कोरलेली, आणि कुंपणापलीकडे ऊस.

नोबेल मिळालेल्या ल क्लेझिओंची 'द प्रॉस्पेक्टर' (मूळ १९८५) मी सुट्टीत तिथेच वाचण्यासाठी ठेवली होती. त्यांचं घराणं मॉरिशसचं, आणि आजोबांनी रॉड्रिग्ज बेटावर खजिन्याचा शोध घेण्यात वर्षं घालवली, त्यावरून ही कादंबरी. समुद्राचं इतकं संथ आणि डोळस वर्णन आहे की घाईत वाचून चालत नाही. दुपारी जेवणानंतर सावलीत बसून, रोज थोडी अशीच ती वाचावी.

मॉरिशसच्या मराठी माणसांवर एखादं जाडजूड, सर्वांच्या हाती सहज लागेल असं मराठी पुस्तक मला हवं आहे. ती उणीव माणसांनीच थोडी भरून काढली. आमच्या गाडीचा चालक मराठी वंशाचा निघाला. बोलायचा क्रिओल, आमच्याशी हिंदी. "दीदी, हमारे परदादा रत्नागिरी के," त्याने ताईला सांगितलं, आणि मुलगी शाळेत मराठी शिकते हे अभिमानाने. सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वजांच्या भाषा म्हणून ज्या शिकवल्या जातात त्यांत मराठी आहे, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतही ती शिकवली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मूर्ती डोक्यावर घेऊन, झाकरी नाचत मंडळी समुद्रावर विसर्जनाला जातात. कोकणातली जाखडी पाहिलेल्याला ती पावलं लगेच ओळखू येतील. ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथला थंडीचा, कोरडा काळ आणि उसाच्या तोडणीचाही, त्यामुळे जमलं तर चतुर्थी धरूनच जावं. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने.

वाचनाच्या सोयीचं एवढंच. अनत हिंदीत सहज मागवता येतात. डार्विन, ट्वेन दोघेही स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, मोबाइलवर फुकट मिळतात. देवी आणि आपानाह इंग्रजीत मागवाव्या लागतात, वेळ हाताशी ठेवून. निघायला फक्त पंधरा दिवस उरले असतील तर 'लाल पसीना' आणि डार्विनचं प्रकरण, एवढं पुरे. मुलं बरोबर असतील तर डरेल. आणि परत आल्यावर शेनाझ पटेल यांचं 'सायलेन्स ऑफ द चागोस' वाचा. १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियावर लष्करी तळ उभारता यावा म्हणून चागोस बेटांवरच्या साऱ्या लोकांना घराबाहेर काढून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं गेलं, त्यांची ही कादंबरी. त्यांतले अनेक जण पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, आप्रवासी घाटापासून फार दूर नाही. तो धक्का आधी पाहून झालेला असला की पुस्तक वेगळंच वाचलं जातं.